मिनिमम भरतोय तरी बाकी हलत का नाही?

प्रश्न : ताई नमस्कार, मी चिंचवडला राहतो, वय ३४, भोसरीत एका छोट्या कंपनीत स्टोअरला आहे. हातात ३२,५०० येतात. दोन क्रेडिट कार्डं आहेत, एकावर ८४ हजार बाकी आणि दुसऱ्यावर ३७ हजार. सुरुवात आईच्या गुडघ्याच्या ऑपरेशनला झाली, मेडिक्लेममधून सगळं निघालं नाही म्हणून कार्ड वापरलं, मग फ्रीज, मग असंच. दीड वर्षापूर्वी दोन्ही मिळून ९० हजार होते. एकही महिना मिनिमम, म्हणजे बिलावरची किमान रक्कम, चुकवलं नाही, म्हणजे दोनदा लेट फी बसली कारण ड्यू डेट ३ तारखेला आणि पगार ७ ला, पण भरले नक्की. तरी ९० चे १ लाख २१ हजार कसे झाले? खर्च असा: भाडं ९,५००, किराणा ५,०००, दूध १,८००, मुलीची शाळा आणि रिक्षा २,८००, पेट्रोल २,२००, आईची औषधं १,५००, लाइट-गॅस-मोबाइल २,०००, भिशी १,०००, दोन्ही कार्डांचं मिनिमम ६,०५०. कंपनीत पतपेढी नाही. बायकोला पहिलं कार्ड माहितीये, दुसरं नाही. एक मित्र म्हणतो ३० टक्क्यांच्या वर व्याज घेताच येत नाही, केस कर. खरं आहे का?

उत्तर : आधी मित्राचं बघू, म्हणजे ती आशा एकदाची बाजूला ठेवता येईल. तो म्हणतो तसा निकाल होता खरा, २००८ मध्ये राष्ट्रीय ग्राहक आयोगाने ३० टक्क्यांवरचं व्याज ही अनुचित व्यापारी प्रथा ठरवली होती. पण बँका सुप्रीम कोर्टात गेल्या आणि २० डिसेंबर २०२४ ला कोर्टाने तो निकाल रद्द केला. व्हॉट्सॲपवर जुनी पोस्ट अजून फिरतेय, कारण रद्द झाल्याची बातमी कोणी फॉरवर्ड करत नाही.

आता तुमचं बिल. पत्रासोबत तुम्ही मोठ्या कार्डाच्या तीन महिन्यांच्या बिलांचे फोटो पाठवलेत हे फार बरं केलंत, बहुतेक जण नुसता आकडा पाठवतात. व्याजदर महिन्याला ३.६ टक्के लिहिलाय. वाचताना किरकोळ वाटतो. वर्षाचे झाले ४३.२, आणि त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी असतो तो धरला की ५१ च्या घरात जातं. मी २६ वर्षं बँकेत काउंटरवर काढली, तिथे १४ टक्क्यांचं पर्सनल लोन महाग म्हणून कुरकुरणारी माणसं संध्याकाळी हेच कार्ड घासून सोफा घ्यायची.

८४ हजारांच्या बिलात तुम्ही ४,२०० भरलेत. राहिले ७९,८००. त्यावर महिन्याचं व्याज साधारण २,८७०, त्याचा जीएसटी ५१७, म्हणजे पुढचं बिल आलं ८३ हजार १९० च्या आसपास. खिशातून गेले ४,२००, कर्ज हललं हजाराच्या आत. खरं तर त्याहूनही कमी हलतं, कारण तुम्ही पैसे भरता त्या दिवसापर्यंत व्याज पूर्ण ८४ हजारांवर चालू असतं. याच वेगाने दर महिन्याला नुसतं पाच टक्के मिनिमम भरत गेलात आणि कार्डाला हातही लावला नाहीत तरी ८४ चे ४२ व्हायला सहा वर्षं लागतील. फिटायला नाही हं, निम्मं व्हायला.

पण तुम्ही हात लावताय ना. तुमच्या यादीची मी बेरीज केली, ३१,८५० होते, म्हणजे ६५० उरतात. आणि बिलांमध्ये दर महिन्याला चार हजारांच्या आसपास नवी खरेदी दिसते. पेट्रोल, सुपरमार्केट, मेडिकल, एकदा कापडाचं दुकान, आणि मग २० रुपये, ४० रुपये, १५ रुपये अशी ओळच्या ओळ. ते चहा-वडापावचे आहेत बहुतेक. तुमचं रुपे कार्ड यूपीआयला जोडलेलं दिसतंय, त्यामुळे टपरीवर स्कॅन केलं की बँक खात्यातून न जाता क्रेडिटवर पडतंय. तुमची यादी खोटी नाही, अपुरी आहे. त्यात आहेर नाही, पंक्चर नाही, मुलीचा ताप नाही. हे सगळं कार्डावर जातंय आणि तुम्हाला वाटतंय महिना पगारात निघतो.

आता खरी मेख. कार्डाचे ते ४५-५० दिवस बिनव्याजी असतात ना, ते फक्त मागचं बिल पूर्ण भरलेल्या माणसाला मिळतात. मागची बाकी राहिली की ती सवलत जाते आणि नवीन प्रत्येक खरेदीला घेतल्या दिवसापासून व्याज लागतं. म्हणजे तुमचा १५ रुपयांचा वडापावही पहिल्या दिवसापासून ५१ टक्क्यांवर आहे. ९० चे १ लाख २१ हजार असे झाले. आजच्या घडीला तुम्ही एका बाजूने सहा हजार भरताय, दुसऱ्या बाजूने चार हजार परत टाकताय आणि मधे पाच हजारांच्या आसपास व्याज बसतंय.

म्हणून आज रात्री जेवायच्या आधी दोन कामं करा. यूपीआय ॲपमध्ये जाऊन कार्ड डीलिंक करा, आणि बँकेच्या ॲपमध्ये दोन्ही कार्डांचे ऑनलाइन आणि दुकानातले व्यवहार बंद करा, तिथे खटके असतात त्याचे. कार्ड कात्रीने कापायची गरज नाही, ते नाटक होतं, नंबर ॲपांमध्ये सेव्ह असतो तो तसाच राहतो. तो त्या शॉपिंगच्या ॲपांतूनही काढा. आणि ड्यू डेटचं म्हणाल तर कस्टमर केअरला फोन करून बिलिंग सायकल बदलून मागा, निदान एकदा तरी बदलून द्यावं असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. ड्यू डेट १० तारखेच्या पुढे न्या, तो लेट फीचा दंड उगाच चाललाय. एक दिवस उशीर झाला तर घाबरू नका, तीन दिवसांच्या पुढे गेलं तरच लेट फी लावता येते, पण ७ आणि ३ मध्ये चार दिवस आहेत, तिथेच तुम्ही अडकता.

कार्ड बंद केलंत, मिनिमम कमी होत गेलं तरी तुम्ही मात्र दर महिन्याला ६,०५० च भरत राहिलात, तर दोन्ही कार्डं फिटायला साधारण ४६ महिने. पावणेतीन लाख जातील. त्यात दोन हजार घालून ८,०५० भरले तर २५ महिने आणि दोन लाखांच्या आत. फरक बघा, दोन हजारांनी पावणेदोन वर्षं गेली. पण मला माहितीये तुम्ही काय म्हणणार, दोन हजार आणू कुठून, इथे कार्ड बंद केल्यावर ते चार हजारांचे खर्च पण पगारातून काढायचेत. बरोबर आहे. ज्याच्याकडे ६५० उरतात त्याला काटकसर शिकवण्यात अर्थ नाही, चहा सोडून १ लाख २१ हजार फिटत नाहीत. व्याज कमी झालं तरच तुमचा महिना सुटेल, म्हणजे हे महागडं कर्ज स्वस्त कर्जाने फेडायचं.

पतपेढी नाही म्हणता. मग तुमच्या घरात सगळ्यात स्वस्त पैसा आहे तो बायकोच्या कपाटात. तुम्ही पत्रात सोन्याचा उल्लेख केला नाहीत, पण चौतिशीच्या मराठी घरात दोन बांगड्या नाहीत असं सहसा होत नाही. आजच्या भावात दीड-दोन तोळ्यांच्या तारणावर तुमची दोन्ही कार्डं फिटतील एवढं कर्ज बसतं. सरकारी बँकेत सोनेतारण दहा टक्क्यांच्या आसपास मिळतं. धरून चाला की १ लाख १ हजार घेतले (वरचे २० हजार कुठून ते सांगते), ३६ महिने, १० टक्के, हप्ता येतो ३,२६० च्या आसपास. आत्ता मिनिममला ६,०५० जातात. म्हणजे महिन्याला २,७९० मोकळे झाले, आधीचे ६५० धरून ३,४४०. ते यादीत नसलेले खर्च साडेचार हजारांचे आहेत त्यातले बरेचसे इथे बसतात, हजार-बाराशेची ओढाताण राहते, ती मात्र तुम्हाला पेट्रोल आणि टपरीवरच काढावी लागेल.

पण हे करायला दुसरं कार्ड बायकोला सांगावं लागेल. मला वाटतं तुमच्या पत्रात अवघड गोष्ट हीच आहे, बाकीचा नुसता हिशेब. ते दागिने तुमचे नाहीत. स्त्रीधनावर नवऱ्याचा हक्क नसतो, सुप्रीम कोर्टानेही हे स्पष्ट सांगितलंय, त्यामुळे कपाटाची किल्ली सापडली म्हणून परस्पर बँकेत जाऊ नका, असं करणारे मी काउंटरवर पाहिलेत आणि मग सहा महिन्यांनी लग्नाला जायचंय म्हणून बाई बांगड्या शोधायला लागते तेव्हा घरात काय होतं तेही ऐकलंय. सांगा. रविवारी दुपारी, आई झोपली की, दोन्ही बिलं समोर ठेवून सांगा, आणि "मी बघतो, तू काळजी करू नको" हे वाक्य वापरू नका, त्या वाक्यानेच दुसरं कार्ड लपलं. कर्ज तिच्या नावावर, पावती तिच्याकडे, हप्ता तुमच्या खात्यातून, असं करा. मंगळसूत्र नको. तिने नाही म्हटलं तर तो विषय तिथे संपला, रुसायचं नाही.

बँकेत गेल्यावर एक गोष्ट नीट विचारा. सोनेतारणात बऱ्याच ठिकाणी "वर्षभर फक्त व्याज भरा, मुद्दल शेवटी एकदम" अशी योजना पुढे करतात. ऐकायला छान, पण वर्षाच्या शेवटी एक लाख एकदम तुम्ही आणणार नाही हे तुम्हालाही माहितीये आणि त्यांनाही. रिन्यू, परत रिन्यू, आणि मग लिलावाची नोटीस. दर महिन्याला मुद्दल-व्याजाचा हप्ता असेल अशीच स्कीम मागा, व्हॅल्युएशनची फी विचारा, आणि बांगड्यांतले खडे वजनात धरत नाहीत हे घरून निघतानाच लक्षात घ्या.

आता ते २० हजार. भिशी २० जणांची आहे असं तुम्ही ताज्या कलमात लिहिलंय आणि तुमचा नंबर लागायचाय. चिठ्ठीवर असेल तर भिशी चालवणाऱ्याला सरळ विचारा की पुढचा नंबर मला द्या, अडचण आहे. लोक देतात, भिशी असते कशाला मग. ती रक्कम आली की घरी न आणता थेट छोट्या कार्डावर टाका. छोट्यावर यासाठी की दोन्हींचे दर जवळपास सारखेच आहेत, मग जे लवकर संपेल ते आधी संपवलेलं बरं, एक ड्यू डेट, एक लेट फी, एक मेसेज कमी होतो.

सोनं नाही जमलं तर मोठ्या कार्डाच्या बँकेला फोन करून सगळी बाकी ईएमआयमध्ये बदलून मागा. सोळा टक्क्यांनी ३६ महिने दिले तर हप्ता २,९५० च्या आसपास, व्याजावर जीएसटी धरून सुरुवातीला ३,१५० पर्यंत जाईल, शिवाय एकदा प्रोसेसिंग फी. सोन्याइतकं स्वस्त नाही पण ५१ पेक्षा कितीतरी बरं. लक्षात ठेवा, हा हप्ता मिनिममच्या पाच टक्क्यांत येत नाही, मिनिममच्या वर पूर्णच्या पूर्ण धरतात, त्यामुळे त्यानंतर कार्ड वापरलंत तर मिनिममचा आकडा बघून चक्कर येईल. आणि एका कार्डाचं मिनिमम भरायला दुसऱ्या कार्डातून एटीएमला पैसे काढू नका, बिलात एकदा ते दिसलं मला. कॅशला काढल्या क्षणापासून व्याज, वर फी वेगळी. याची टोपी त्याच्या डोक्यावर, त्यात टोपी दर वेळी महाग होत जाते. मोबाइलवरच्या पाच मिनिटांत लोनवाल्या ॲपांचं तर नावच काढू नका.

प्रश्न : सोलापूर. कार्डाचे १ लाख १० हजार थकलेत, सात महिने काहीच भरलं नाही, धंदा बसला. आता एक माणूस फोन करून ६० हजारांत सेटलमेंट करू म्हणतो, आजच्या आज पाठवा म्हणतो. नाहीतर पोलीस येतील म्हणतो. भावाला पण फोन केला. काय करू?

उत्तर : पोलीस येत नाहीत. कार्डाची थकबाकी हा दिवाणी मामला आहे, बँक नोटीस पाठवेल, कोर्टात किंवा लवादाकडे जाईल, ते कागद आले तर मात्र दुर्लक्ष करू नका, उत्तर द्या. (चेक दिला असेल आणि तो बाउन्स झाला तर गोष्ट वेगळी, तिथे गुन्हा होऊ शकतो, म्हणून घाईत सहीचा चेक कोणाला देऊ नका.) वसुलीवाल्याने सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन करायचा नाही असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे, आणि धमकी देणं, नातेवाइकांना त्रास देणं, चारचौघांत लाज काढणं हेही चालत नाही. फोनची तारीख-वेळ एका वहीत लिहून ठेवा, बँकेकडे लेखी तक्रार करा, ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं, फी नाही, वकील लागत नाही. १४४४८ वर फोन केला तर तक्रार कशी करायची ते सांगतात.

सेटलमेंट वाईटच असं मी म्हणणार नाही. धंदा खरंच बसलाय, एकरकमी ६० हजार कुठून तरी येतायत आणि १ लाख १० हजार येणार नाहीत हे नक्की असेल तर करा. किंमत एवढीच की सिबिलमध्ये, म्हणजे तुमच्या कर्जफेडीच्या नोंदीत, "सेटल्ड" असा शेरा पडतो, "क्लोज्ड" नाही, आणि पुढे घरासाठी किंवा धंद्यासाठी कर्ज मागायला गेलात की त्या शेऱ्यावर बोट ठेवतात. पण फोनवरच्या माणसाच्या खात्यात एक रुपयाही टाकू नका. बँकेच्या लेटरहेडवर किंवा बँकेच्या अधिकृत ईमेलवरून पत्र येऊ द्या, त्यात कार्डाचे शेवटचे आकडे, रक्कम, तारीख आणि "यानंतर काही येणं नाही" हे असायला हवं. पैसे थेट कार्डाच्या खात्यात भरा. "आजच्या आज" म्हणतो ना, ते महिनाअखेर आहे म्हणून, त्याचं टार्गेट असतं. पुढच्या महिन्यातही ऑफर येते, कधी कधी कमीची येते. आणि नंतर सिबिलचा रिपोर्ट काढून शेरा बरोबर पडलाय का बघा, वर्षातून एकदा फुकट मिळतो.

प्रश्न : ठाणे. मागच्या महिन्यात कार्डाची सगळी बाकी, ४१ हजार, एकदम भरून टाकली. आनंदात होते तर या महिन्यात परत ७३८ रुपयांचं बिल आलं. कार्ड वापरलंच नाही. फसवलं का? आणि आता कार्ड बंद करू का?

उत्तर : फसवलं नाही, राहिलेलं व्याज आहे ते. बिल निघालं त्या तारखेपासून तुम्ही पैसे भरलेत त्या दिवसापर्यंतचं व्याज त्या बिलात नव्हतंच, ते पुढच्या बिलात आलं. तुमच्या ४१ हजारांवर बारा-तेरा दिवसांचं व्याज आणि जीएसटी धरला तर सातशे ते साडेसातशेच्या आसपास येतं, आकडा बसतो. पण ते "बाकी शून्य झाली" म्हणून सोडून देऊ नका, बऱ्याच जणांचं इथेच होतं, ७३८ वर लेट फी, त्यावर परत व्याज, आणि वर्षभराने सिबिलमध्ये डिफॉल्ट दिसतो तो सातशे रुपयांचा. भरा, आणि अजून एक बिल शून्याचं येईपर्यंत थांबा.

बंद करायचं असेल तर त्यानंतर लेखी कळवा, ईमेल चालतो. सगळी बाकी भरलेली असेल तर सात कामाच्या दिवसांत कार्ड बंद करावंच लागतं, नाही केलं तर त्यापुढच्या प्रत्येक दिवसाला ५०० रुपये बँकेने तुम्हाला द्यायचे असा नियम आहे. फोन केलात तर ती मुलगी आधी वार्षिक फी माफ करते म्हणेल, मग लिमिट वाढवते म्हणेल, मग पॉइंट्सची आठवण करून देईल. पॉइंट्स आधीच वापरून घ्या, मिक्सर-बिक्सर काही मिळत असेल तर.